राउटरपाशी बसलेला माणूस

या सदरातले अनुभव मी दुपारी जेवताना वाचायचे, करमणूक म्हणून. लिहिणाऱ्यांना मनातल्या मनात हसायचेसुद्धा. माझं काम नेटवर्कचं. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीची कुठे ना कुठे नोंद होते, आणि जिची नोंद नाही ती गोष्ट घडलीच नाही असं मी मानत आले. म्हणूनच हे लिहायला दोन वर्षं लागली...

मी मूळची नांदेडची. लग्न होऊन थेरगावला आले, डांगे चौकाच्या मागच्या बाजूला राहते. एका छोट्या फर्मसाठी चाकणच्या काही कारखान्यांचे राउटर घरी बसून सांभाळते. म्हणजे राउटर तिकडे, मी इकडे डायनिंग टेबलावर – नेटवरून त्यात शिरायचं, सेटिंग बदलायची, बाहेर पडायचं.

त्यातला एक कारखाना फाउंड्रीचा, म्हणजे लोखंड वितळवून ओतकाम करणारा. भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्याचे पंप आवाराच्या दुसऱ्या टोकाला होते, आणि त्या पाण्याचे आकडे कंट्रोल रूममध्ये दिसायचे ते माझ्या राउटरमधून.

त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास मी त्यात एक नवी यादी टाकत होते – कुणाला आत सोडायचं आणि कुणाला नाही. एरवी असा बदल करण्याआधी मी राउटरला सांगून ठेवते, की दहा मिनिटांत मी परत आले नाही तर स्वतःच रीस्टार्ट हो आणि जुनी सेटिंग घे. त्या दिवशी विसरले. सगळ्या ओळी एकदम पेस्ट केल्या, त्यात शेवटची ओळ सेव्ह करण्याची. एंटर मारलं आणि स्क्रीन गोठली. आत सोडायच्यांच्या यादीत माझ्या लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ताच नव्हता, म्हणजे मी स्वतःलाच बाहेर कोंडलं होतं. पंपांचाही नव्हता.

दोनच मिनिटांत सोपानरावांचा फोन आला. सोपानराव तिथे मेंटेनन्सला. चाकणजवळच्याच गावचे, निवृत्तीला आलेले, कधी आवाज न चढवणारे.

"ताई, पंपाचं आकडं गेलं बगा. समदी स्क्रीन पांढरी पडलीय. भट्टीत माल हाय."

माल म्हणजे वितळलेलं लोखंड. पाणी थांबलं आणि कुणाला कळलं नाही तर भट्टी फुटू शकते, हे मला कामाच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. पंपापाशी धोक्याचा एक भोंगा होता, पण त्याच्यावर तिथल्या कुणाचा भरवसा नव्हता.

मी त्यांना राउटर बंद करून चालू करायला लावला. काही फरक नाही. मीच सेव्ह केलेली यादी पुन्हा वर आली.

"पंपापाशी दोन मानसं उभी केलीत," ते म्हणाले. "पर भट्टीपाशी बारा जण हायेत. तुमी या."

आता एकच उपाय होता – राउटरला थेट केबल लावून यादी काढणं. ती केबल माझ्या बॅगेत होती. स्कूटर काढली. भोसरी कशी ओलांडली आठवत नाही. मोशीच्या पुढे, इंद्रायणीच्या पुलाअलीकडे, एक कंटेनर आडवा झाला होता. माझ्या स्कूटरलासुद्धा जागा मिळेना. पाच मिनिटं, दहा मिनिटं... शेवटी मी स्कूटर कडेला घेतली आणि हेल्मेटच्या आत रडायला लागले. काच खाली होती. बारा माणसं, बारा घरं, एवढंच डोक्यात. देवाला हात जोडायची मला सवय नाही, पण त्या दिवशी जोडले.

मग सोपानरावांना फोन लावला. "मी अडकलेय हो. भट्टी बंद करता येईल का?"

"आता कशापायी?" ते म्हणाले. "तुमचा मानूस आलाय की. आकडं बी आलं परत."

"कोण माणूस? मी कुणालाही पाठवलेलं नाही."

"आसं कसं? मी पंपाकडनं आलो तर राउटरच्या खोलीत बसलेलं. पन्नाशीचं हायेत. पांढरा हाफ शर्ट, चष्म्याला दोरी. खुर्ची हाय तर खाली मांडी घालून बसल्यात, मांडीवर लॅपटॉप."

"त्यांना फोन द्या."

फोन घेऊन ते आत जाताना पावलं वाजली. मग सोपानराव म्हणाले, "फोन नको म्हनत्यात. तुमाला सांगा म्हनले – पोरी, रस्त्याच्या कडेला रडत थांबू नको. काम झालंय. गाडी सावकाश चालव."

मी आवाज ताब्यात ठेवून बोलले होते. रडत होते हे सोपानरावांनाही कळलं नव्हतं.

पाऊण तासाने पोचले तेव्हा खोलीत कुणीच नव्हतं. गेटवर नोंद नाही. कॅमेऱ्यात त्या वेळात दोन ट्रक आत आलेले दिसतात, पायी कुणीच नाही. मी राउटरची नोंद उघडली. तीन वाजून सात मिनिटांनी कुणीतरी थेट केबल लावून आत शिरलं होतं, पहिल्याच प्रयत्नात. राउटरचा पासवर्ड मी त्याच सकाळी बदलला होता आणि अजून कुणालाच सांगितला नव्हता. माझी यादी काढलेली नव्हती, दुरुस्त केलेली होती. माझा पत्ता आणि पंपांचे पत्ते, सगळे बरोबर. आणि सगळ्यात वर शेऱ्याची एक ओळ, इंग्रजी अक्षरांत मराठी: आधी स्वतःची वाट ठेव.

फर्मला मी माझी चूक कबूल केली. त्यांनीही कुणाला पाठवलं नव्हतं. आधीच्या कंत्राटदाराकडे विचारलं, जुन्या लोकांचे फोटो मागवून सोपानरावांना दाखवले. प्रत्येक फोटोवर त्यांनी नकारार्थी मान हलवली. नवऱ्याच्या मते कुणीतरी भला माणूस चुकून तिथे पोचला असेल. असेल. पण पासवर्ड? आणि माझं रडणं? उत्तर आता मी शोधतही नाही.

सोपानराव मागच्या महिन्यात निवृत्त झाले. जाताना त्यांचा फोन आला होता. ते भूत-बित काही म्हणत नाहीत. त्यांना वेगळीच गोष्ट लागून राहिलीय.

"ताई, मी त्या गडबडीत त्यांना साधं पानी बी इचारलं न्हाई," ते म्हणाले. "कुठनं आलं व्हतं, किती चालून आलं व्हतं... आन् तसंच गेलं."