काचेवरचं कुंकू

मी एका सवाष्ण बाईचं कुंकू पुसलं. तिचा नवरा जिवंत होता, आणि तिला जाऊन आठ-नऊ महिने झाले होते. पुसलं तेही हाताने नाही, शिसपेन्सिलीने, माझ्या स्टुडिओच्या खिडकीत बसून, भर दुपारी, शीळ घालत. आणि पुढे विचारणा झाली तेव्हा चक्क खोटं बोललो. खोटं मी एकदाच बोललो, पण ते तीन वर्षं पुरलं.

लालबागच्या नाक्यावर माझा गाळा होता, अजून आहे. पुढे काउंटर, मधे पडदा, पडद्यामागे डार्करूम, आणि वरच्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड. पडद्यावर तळं रंगवलेलं, तळ्यात दोन हंस. त्या हंसांसमोर गिरणगावातली निम्मी कुटुंबं येऊन बसून गेली असतील. गावाला पाठवायला म्हणून नवरा-बायकोचा फोटो, बारशाचा फोटो, मुलगी दाखवायला एकटीचा फोटो. कोणी म्हणायचं, "जरा गोरा काढा हो." मी काढायचो. काचेच्या निगेटिव्हवर बारीक टोक केलेल्या पेन्सिलीने रेघा भरल्या की कागदावर तेवढी जागा उजळ उठते. देवीचे वण भरायचे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं भरायची, तीळ नको असला तर तोही भरायचा. गिरगावातल्या ज्या म्हाताऱ्या फोटोग्राफरांकडे मी शिकलो त्यांचा हात असा होता, की बाईला स्वतःचा फोटो बघून आपण सुंदर असल्याचं पहिल्यांदा कळायचं. मला वाटायचं, हे पुण्याचं काम आहे. अजूनही वाटतं, पण पूर्वीइतक्या खात्रीने नाही.

माझा मित्र परळच्या एका गिरणीत फिटर होता. पहिली पाळी सुटली की चारच्या सुमाराला यायचा, काउंटरजवळच्या स्टुलावर बसायचा आणि माझी गिऱ्हाइकं बघत टोमणे मारायचा. मला 'मालक' म्हणायचा.

"मालक, त्या काकांना जरा हसवा. फोटो बघून सोयरीक मोडेल."

"तू गप बस. हसले तर दात दिसतील."

"मग दात भरा ना पेन्सिलीने!"

आमची दोन्ही घरं कोकणातली, दोन शेजारच्या तालुक्यांतली. तो जातीने महार, मी मराठा. माझ्या दुकानात त्याला माझ्याच कपातून चहा मिळायचा, आणि त्याचा मला मनातून जरा अभिमान होता. कप एकच असल्याचा अभिमान वाटतो म्हणजे मनात अजून दोन कप आहेत, एवढं साधं मला तेव्हा कळत नव्हतं.

एका उन्हाळ्यात तो आई-वडिलांना घेऊन आला. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, लवकरच निवृत्त व्हायचे होते, म्हणून जोडीचा नि एकेकट्याचा फोटो. परळहून भर उन्हात चालत आलेली माणसं. त्याची आई, मी तिला मावशी म्हणायचो, पडद्यासमोर बसली आणि तिने पदराने कपाळ टिपलं. कुंकू सगळं पसरलं.

"अगो बाई, आता काय करू?" ती एकदम उठलीच. "अशी नको काढू बाबा मला."

मी वर हाक मारली. माझी बायको करंडा घेऊन खाली आली. तिने करंडा पुढे केला तशी मावशीने हात मागे घेतला.

"तुमच्या करंड्यात माझं बोट कशाला?"

"तुमचं बोट कशाला, मीच लावते," बायको म्हणाली. तिने मावशीचं कपाळ ओल्या फडक्याने पुसलं, मेण लावलं, आणि वर चांगलं रुपयाएवढं गोल कुंकू रेखलं. मावशी नवऱ्याकडे वळली. "बघा हो, नीट आहे का?"

"नीट? गावच्या वेशीवरून दिसेल एवढं लावलंय."

ती हसली, आणि मी नेमका तेव्हाच कॅमेऱ्याचा रबरी बल्ब दाबला. माझ्या हातून जे चार-दोन चांगले फोटो निघाले असतील त्यांतला तो एक.

त्याच्या पुढच्या वर्षी श्रावणात मावशी तापाने गेली. मोर्चांचे दिवस होते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणत मी आणि माझा मित्र परळपासून शिवाजी पार्कपर्यंत कितीदा चालत गेलो असू. आईचे दिवस होताच तो पुन्हा मोर्चात आला, पण ओरडत नव्हता, नुसता शेजारून चालत होता. मीही त्या दिवशी ओरडलो नाही. आमच्या दोस्तीतला एवढाच एक दिवस मला असा आठवतो की ज्या दिवशी मी त्याच्याशी अगदी बरोबर वागलो.

हिवाळ्यात त्याने आणि त्याच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांच्या चाळीतल्या घराघरांतून देवांच्या तसबिरी खाली उतरल्या, टाक आणि देव फडक्यात बांधून समुद्रात सोडले गेले. मी ते बघायला गेलो होतो. रिकाम्या भिंतींवर चौकोनी डाग राहिले होते. तो खूश होता. "मालक, पाठ सरळ झाल्यासारखी वाटते रे," म्हणाला. मी घरी येऊन माझ्या कोपऱ्यातल्या गणपतीला उदबत्ती लावली आणि विचार करत बसलो. त्याने जे सोडलं ते मी का धरून आहे? मला त्याची गरज लागते, एवढंच.

उन्हाळ्यात एके दिवशी त्याने शर्टाच्या खिशातून एक कागद काढून काउंटरवर ठेवला. मावशीचा फोटो. म्हणजे फोटो होता असं म्हणायचं. त्याच्या वडिलांनी, आम्ही त्यांना बाबा म्हणायचो, तो रोज सदऱ्याच्या खिशात घालून गिरणीत नेला होता. घाम आणि उष्म्याने चेहरा पार उडाला होता.

"काच आहे ना तुझ्याकडे? मोठा करून दे. बुद्धाच्या तसबिरीशेजारी लावायचाय."

काच होती. मी ती खिडकीत उजेडाला धरली. आणि इथे माझं डोकं फिरलं. बुद्धाच्या शेजारी, म्हणजे कुंकू कसं चालेल? यांनी तर देवधर्म सगळं समुद्रात सोडलं. तो भिडेखातर बोलला नसेल. आपणच समजून घ्यायला हवं. आपण मित्र. अशा विचारात मी पेन्सिलीला टोक केलं आणि मावशीच्या कपाळावरची ती गोल जागा रेघारेघांनी भरून टाकली. इतकी सफाईने, की मला माझंच कौतुक वाटलं. विचारायला फार लांब जायचं नव्हतं. तो चार वाजता येणारच होता.

फोटो वाळत घातला होता तेव्हा बायको खाली आली. बघत राहिली.

"अहो, यांचं कुंकू?"

"ते आता बौद्ध झालेत."

"ते झालेत. या कुठे झाल्या? या तर आधीच गेल्या." मग म्हणाली, "मी लावलं होतं ते."

मी म्हटलं, तुला त्यातलं कळत नाही. संध्याकाळपर्यंत फ्रेम करून झाली.

रविवारी सकाळी मी ती फ्रेम घेऊन स्वतः त्यांच्या चाळीत गेलो. शेजारचे चार लोक खोलीत जमले होते. बाबांनी वर गुंडाळलेलं वर्तमानपत्र सोडलं, फ्रेम मांडीवर घेतली. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मी जिता आहे ना, फोटोवाले?"

मला उमगायला एक क्षण लागला. त्या क्षणी खरं बोललो असतो तर सगळं तिथेच मिटलं असतं. पेन्सिल पुसता येते. टर्पेंटाइनचा एक बोळा फिरवला की काच पहिल्यासारखी होते. पण खोलीत चार माणसं होती, आणि मी नाक्यावरचा नावाजलेला फोटोग्राफर होतो.

"बाबा, लाल रंग निगेटिव्हवर उठत नाही," मी म्हटलं. "मोठा करताना उडतो."

"छोट्यात होतं की," मित्र म्हणाला.

"तो कागद वेगळा होता."

खरं तर लाल रंगच सगळ्यांत काळा, सगळ्यांत ठळक उठतो. माझ्या दुकानात वर्षानुवर्षं बसून त्याला हे माहीत होतं. काचेला लाल उजेड दिसतच नाही, म्हणून डार्करूममधला लाल दिवा चालतो आणि म्हणूनच फोटोत लाल काळं येतं, हे मीच त्याला समजावून सांगितलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. शेजाऱ्यांसमोर त्याने मला उघडं पाडलं नाही. नुसतं म्हणाला, "बरं."

दुसऱ्या दिवशी चार वाजले, साडेचार वाजले, स्टूल रिकामं. त्यानंतर तीन वर्षं तो आला नाही. भांडण नाही, अबोलाही म्हणता येणार नाही. मोर्चात दिसला तर मान हलवायचा, मीही हलवायचो. मग गर्दी पुढे सरकायची. मला पुष्कळदा वाटलं, काच साफ करून नवा फोटो नेऊन द्यावा. पण कुंकवासकट फोटो नेला की मी खोटारडा ठरणार. नाही नेला तर काय, एक कुंकू राहिलं. असा हिशोब मी मनाशी करत असे आणि रोज गणपतीला उदबत्ती लावत असे.

बायकोने एकदाच विषय काढला. "मी जाऊन सांगू?"

"नको."

"मी सांगणार नाहीच. तुमचं तुम्ही सांगा."

मग महाराष्ट्र राज्य झालं. लालबाग-परळमध्ये नाक्यानाक्यावर तोरणं, पेढे, गुलाल. चाळीचाळींतून बोलावणी आली, सगळ्यांचा मिळून फोटो काढा. त्याच्या चाळीतूनही आलं. नाही म्हणायचं धाडस झालं नाही. पटांगणात शंभरभर माणसं उभी राहिली, बायका पुढे, मुलं त्यांच्या पुढे. एवढी माणसं चौकटीत यायची तर कॅमेरा उंचावर हवा. दुसऱ्या मजल्याची गॅलरी बरोबर बसत होती, आणि कॅमेऱ्याची तिकाटी जिथे लावायची ती जागा नेमकी त्याच्या दारासमोर आली.

"आत ये, फोटोवाले," बाबांनी आतून हाक मारली. "उंबऱ्यावर उभा राहा, नीट दिसेल. गुडघ्यांनी खाली जाववत नाही मला."

मी उंबऱ्यावर पाय ठेवला आणि भिंतीकडे नजर गेली. बुद्धाची तसबीर, शेजारी मावशी. फ्रेमच्या काचेवर, तिच्या कपाळाच्या जागी, कुंकवाचा ठिपका होता. ओला, ताजा, जरासा डावीकडे सरकलेला. खाली काचेवर जुन्या ओघळांचा तांबूस माग भुवईपर्यंत आला होता.

"रोज लावतो," बाबा म्हणाले. त्यांना माझी नजर कळली असावी. "काचेवर टिकत नाही. हात कापतो, वाकडं होतं. ती असती तर ओरडली असती."

"आणि... चालतं, बाबा?" काय बोलतो आहे हे मला कळत नव्हतं.

"देव सोडले आपण. ही देव कुठे होती? माझी बायको होती."

खालून पोरं ओरडत होती, ओ फोटोवाले, लवकर, ऊन लागतंय. मी काळ्या कापडाखाली डोकं घातलं. त्या फोटोत सगळी माणसं व्यवस्थित आली आहेत. माझ्या डोळ्यांना त्या वेळी काही नीट दिसत नव्हतं, तरी फोटो चांगला आला. कधीकधी असं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशीची काच कापडात गुंडाळली, कापूस घेतला, टर्पेंटाइनची बाटली खिशात घातली. बायको दारात उभी होती. कुठे निघालात म्हणून तिने विचारलं नाही. करंड्यातलं थोडं कुंकू पुडीत बांधून तिने माझ्या हातात दिलं.

मित्राची सुट्टी होती. त्यानेच दार उघडलं. मी चपला काढल्या आणि सरळ खिडकीशी गेलो. बाबांना म्हटलं, जरा इकडे या. काच उजेडाला धरली, बोळा भिजवला आणि कपाळाच्या जागी फिरवला. वास घरभर पसरला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. कापूस काळा झाला. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. जिथे कुंकू असतं तिथे काच मोकळी असते. शिसं निघालं आणि त्या गोल जागेतून सकाळचं ऊन आरपार आलं, बाबांच्या सदऱ्यावर पडलं.

बाबा खिडकीशी वाकले. त्यांनी बोट पुढे केलं, पण काचेला लावलं नाही.

"तीन वर्षं दुकानात टर्पेंटाइन नव्हतं का रे, मालक?" मागून माझा मित्र म्हणाला. तो हसत नव्हता, पण 'मालक' म्हणाला होता.

घरून मी बरंच काही ठरवून आलो होतो, म्हणजे तुमच्या धर्माला अडचण नको म्हणून, चांगल्या मनाने म्हणून, वगैरे. ते सगळं तिथे नको झालं. मी काच बाबांच्या हातात दिली, पुडी त्यांच्या शेजारी ठेवली, आणि दोघांनाही ऐकू जाईल असं म्हटलं, "लाल रंग उठतो, बाबा. कुंकू मी पुसलं होतं. तुम्हाला विचारलं नाही, याला विचारलं नाही, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. माझं चुकलं. मला माफ करा."