लहरी मॅडम

आमच्या दारव्ह्याच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या मॅडमशी संध्याकाळी बोलणं सुरू करू नये, हे नव्या माणसालाही आठवडाभरात कळायचं. सूर्य बुडायला आला की त्या अर्ध्या वाक्यावरून उठत आणि पदर खोचून गच्चीचा जिना चढत. एकदा तर खुद्द प्राचार्यांना "म्हणजे तुमचं म्हणणं असं की" एवढ्यावर सोडून गेल्या. पोरं त्यांना लहरी मॅडम म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. "बरोबरच हाय," त्या म्हणत, "लहरीच तर मोजते मी."

गच्चीवर एका संशोधन संस्थेनं दिलेला अँटेना होता. आभाळात फार उंचावर हवेचा विद्युतभारित थर असतो. सूर्य मावळला की तो अधूनमधून खवळतो आणि उपग्रहांचे संकेत त्यातून येताना थरथरतात. ती थरथर मॅडम मोजत.

त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. त्यात पावसानं दडी मारली आणि कॉलेजवरचा अँटेना ढग पळवतो अशी आवई उठली. एका संध्याकाळी पंधरा-वीस माणसं आली. पुढे तांड्यावरचे रामधनकाका, हातात पहार. प्राचार्यांना नेमकी तेव्हाच चहाची तलफ आली.

"तोडाचं तर तोडा," मॅडम म्हणाल्या, "पण काय तोडून राह्यले ते आधी पाहून तर घ्या."

सगळ्यांना त्यांनी गच्चीवरच्या खोलीत नेलं. पडद्यावरची रेघ सरळ चालली होती. अंधारू लागलं तशी ती थरथरायला लागली.

"ढग राह्यते खाली. हे त्याच्या लय वरचं. आपण इथून काही सोडत नाही, वरून येते तेवढं आयकतो."

"मंग आमाले काय फायदा याचा?" काकांनी विचारलं.

"सध्या तर काहीच नाही."

गेला अँटेना, असं मला वाटलं. पण काका हसायला लागले. "बियाणंवाला, औषधवाला, जो येते तो फायदाच सांगते. ही पह्यलीच बाई भेटली!"

पहार परत गेली. काका मात्र दर बाजाराला गच्चीवर येऊ लागले. "आज कमीच हालते," असा शेरा मारून जात.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा संस्थेनं अँटेना परत मागवला. काकांनी शिपायाला हात लावू दिला नाही. स्वतः नट सोडवले, अँटेना खोक्यात ठेवला आणि भोवती घरून आणलेला कापूस दाबून दाबून भरला. पांढराशुभ्र, पहिल्या वेच्याचा.

"अवो काका, इतका चांगला कापूस?" मॅडम म्हणाल्या.

"बाजारात कोन पुसते त्याले?"

जीपवाला खोकं टपावर टाकायला निघाला, तर मॅडमनी ते ओढून घेतलं आणि यवतमाळपर्यंत मांडीवर धरून नेलं.