आईच्या कमरेची किल्ली

लीला चौगुले सहा वर्षांची असताना तिचं गाव धरणाखाली गेलं. गावाला जयसिंगपूरजवळच्या माळावर प्लॉट मिळाले. तिथं ती शिकली, बी. ए. झाली, लग्न होऊन कोल्हापुरात आली आणि मुलं शाळेला जायला लागल्यावर दुपारी कथा लिहू लागली. दिवाळी अंकांतून त्या छापून आल्या, तीन संग्रह निघाले. प्रत्येक संग्रहातलं गाव तेच, पाण्याखालचं.

मग लंडनमध्ये वाढलेल्या एका पॅलेस्टिनी लेखिकेची कादंबरी तिच्या हातात पडली. त्यातली आजी सोडून आलेल्या घराची किल्ली जन्मभर जपते. लीलानं ती दोनदा वाचली. पुढे तिनं स्वतःची पहिली कादंबरी लिहिली, तीत तिची आईही शेवटी घराला कुलूप लावते, किल्ली कमरेला खोचते आणि मागं न बघता ट्रकात चढते. प्रकाशक खूश. मुखपृष्ठावर किल्लीच घेतली.

थोरल्या भावाला, अप्पाला, पटल्याशिवाय पुस्तक छापायचं नाही, हे मात्र तिनं मनाशी ठरवलं होतं. गाव सोडलं तेव्हा तो सोळा वर्षांचा होता, त्याला सगळं आठवत होतं. ती माहेरी गेली आणि शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. अप्पा हसायलाच लागला.

"लीले, कुलूप कशाला लावलं म्हणं आईनं?"

"घराला. आणखी कशाला?"

"आगं, दार कुठं हुतं? दार, चौकट, कौलं, वासे, समदं काढून ट्रकात घातलं की आपण! त्याच सामानावर इथं घर उभं राहिलं."

"मग आई काय करत होती?"

"शिव्या घालत हुती. चौकट उपटताना भिंतीचा कोपरा ढासळला म्हणून. आन् मग चिखल कालवून लिंपाय बसली. डायवर हॉर्न मारतोय, आन् ही भिंत लिंपतीया!"

लीलाला यातलं काहीच आठवत नव्हतं.

"किल्ली वाचायला बरी वाटते रे, अप्पा."

"वाटंल की. पर ती आपली आई न्हवं."

कोल्हापूरला परतल्यावर तिनं प्रकाशकांना फोन लावला.

"ताई, मुखपृष्ठ छापून झालंय!"

"किल्ली काढा. शेवट बदलतेय."

"मग शेवटी बाई करते काय?"

"भिंत लिंपते."

"बुडणाऱ्या घराची?"

"हो."

ते म्हणाले, "मग पुढच्या वर्षी बघू, ताई. यंदा काही जमत नाही."

"चालेल," लीला म्हणाली. फोन ठेवला आणि ते प्रकरण पहिल्या ओळीपासून लिहायला घेतलं.