गोळीवर पेलाभर दूध

“पार्किन्सन्स आहे, म्हणजे कंपवात. बरा होत नाही, गोळ्यांनी ताब्यात राहतो.” संभाजीनगरच्या डॉक्टरांनी एवढं सांगितलं आणि पुढचा नंबर पुकारला. आम्ही नवरा-बायको अंकुशनगरहून सकाळी सहाला निघालेलो. साडेतीन तास बाकावर बसलो आणि चार मिनिटांत बाहेर.

ह्यांचा उजवा हात वर्षभर थरथरत होता. ह्यांना हाताचं दुःख नव्हतं, ताटाचं होतं. घास तोंडापर्यंत जाईस्तोवर वरण सदऱ्यावर. शहागडला लेकीकडे जेवायला जायचंच ह्यांनी बंद केलं. व्याह्यांसमोर बायकोच्या हातानं भरवून घेऊ का, म्हणायचे.

गोळीचं नाव लेव्होडोपा. मेंदूत कमी पडणारं रसायन ती भरून काढते. घरी आलो आणि सल्ले सुरू. जो येईल तो डॉक्टर! वाटूरच्या माझ्या नणंदबाई, अक्का, कवचबीजाची, म्हणजे खाजकुयलीच्या बियांची, पूड घेऊन आल्या. बजावून गेल्या की एवढ्या गरम गोळ्या नुसत्या देऊ नको, आतडी जळतील, पेलाभर म्हशीचं दूध दे. मला बिलकुल पटलं. तीन वेळा गोळी, तीन वेळा दूध, वर पूड.

असे आठ महिने गेले. पाय जड, बोलणं पुटपुटल्यासारखं. एखाद्या दिवशी उलटंच, अंग आपोआप वळवळायचं. डॉक्टरांनी डोस वाढवला, मंग आणखी वाढवला. मी दुधात तूप घालायला लागले.

चौथ्या खेपेला डॉक्टर रजेवर होते. त्यांच्या जागी बसलेल्या बाईंनी विचारलं, “गोळी कशासोबत घेता?” मी मोठ्या अभिमानानं सांगितलं.

बाई म्हणाल्या, “दुधातलं प्रोटीन, म्हणजे प्रथिनं, गोळीला अडवतात. गोळी पाण्यासोबत, जेवणाआधी अर्धा तास. दूध, डाळ रात्रीच्या जेवणात. आणि कवचबीजात हेच औषध असतं, पुडीत किती ते कुणी मोजलेलं नसतं, म्हणून एखाद्या दिवशी जास्त होऊन अंग वळवळतं. ते बंद.”

मला रडू नाही आलं, संताप आला. आठ महिन्यांत हा प्रश्न कुणालाच सुचू नये? अक्कांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. पाजत तर मीच होते. तुमच्या घरी हा आजार आला तर काय खायचं, कधी खायचं, हे विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. डॉक्टर घड्याळ बघू देत.

पंधरा दिवसांत फरक पडला. थरथर गेली नाही, जाणारही नाही. पण दुपारचे दोन तास बराबर जातात. तेवढ्या वेळात बसेल असं शहागडचं जेवण ठरवलं. ह्यांनी दीड भाकरी स्वतःच्या हातानं खाल्ली. सदऱ्यावर एक डाग पडला, व्याही दुसरीकडे बघत राहिले. भले लोक आहेत.

जेवण झाल्यावर लेकीनं दुधाचा पेला पुढे केला. हे म्हणाले, “नको गं. मला दूध लहानपणापासून आवडत न्हाई.”

मी विचारलं, “मंग आठ महिने कशाला प्यालात?”

“तू इतक्या जिवानं देत होतीस.”

पेला उचलला आणि मीच पिऊन टाकला.