आमच्या आत्या दवाखाना बघायला गेल्या

साल असेल त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी. मला सातवा सरत आलेला, आणि एका बाजाराच्या दिवशी आमच्या आत्या म्हणाल्या, "चल गं, निपाणीचा दवाखाना बघून यिऊ." आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात... पण दवाखाना नुसता 'बघायला' कुणी जातं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं!

त्यातून आत्या म्हणजे गावची सुईण. अर्धं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं. ज्या घरांत एरवी आम्हाला पाणी वरून ओतायचे, तिथंसुद्धा कळा सुरू झाल्या की आत्यांना थेट माजघरात नेत... आणि अशा बाईची सून बाळंतपणाला दवाखान्यात? गावानं लई हसून घेतलं. शेजारची म्हातारी तर तोंडावर म्हणाली, "दिव्याखाली अंधार, दुसरं काय!"

मला मात्र हसू येत नव्हतं. मला आई नव्हती, म्हणून पहिलटकरीण असूनही मी सासरीच राहिलेले. आत्यांनी सगळ्या गावाच्या लेकीसुनांचं केलं, मग माझंच का नको? माझ्या पोटात काही वेडंवाकडं तर नाही ना... पण विचारायची छाती झाली नाही. त्या काळी सासूला कोण 'का' म्हणून विचारतंय!

दवाखान्यातली सिस्टर कन्नड मुलखातली. मराठी मोडकंतोडकं, पण माणूस मायाळू. आत्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं की मीबी ह्यातलीच हाय, मला समदं दावा. सिस्टर हसली, "बा अज्जी", म्हणजे ये आजी, म्हणाली आणि आम्हाला आत घेतलं.

मग काय विचारता... आत्यांनी वॉर्ड डोक्यावर घेतला. कॉट एवढी उंच कशाला, कळ आली की बाई खाली पडंल की! बाईला आडवी का निजवता, आम्ही तर उकिडवी बसवतो. बाळंतिणीच्या खाली शेगडी कुठं ठेवायची? वाऱ्याची खिडकी उघडी कशी?

एका बाळंतिणीचं बाळ तर त्यांनी न विचारताच उचललं. उलटंपालटं करून बघितलं आणि "ब्येस हाय" म्हणून परत दिलं... मी लाजेनं अर्धी झाले.

सिस्टर न कंटाळता सगळं सांगत होती. शेवटच्या खोलीत स्टोव्हवर एक झाकणाचं भांडं उकळत होतं. आत कात्री, चिमटे. आत्या तिथंच थबकल्या. नाळ ह्यानंच कापता का, म्हणून विचारलं. हो, वीस मिनिटं उकळून, सिस्टर म्हणाली.

आत्यांचा आवाज एकदम खाली आला. "आन् न्हाय उकळलं तर?"

सिस्टरनं सरळ सांगितलं... घाणेरड्या पात्यावरचे धनुर्वाताचे जंतू नाळेतून आत जातात. बाळ चार-सहा दिवस बरं असतं. मग दूध ओढेनासं होतं, दातखीळ बसते, अंग ताठतं...

"आन् आठव्या दिवशी जातंय," हे आत्याच म्हणाल्या.

वन्संचं, म्हणजे माझ्या नणंदेचं पहिलं बाळ असंच गेलं होतं. माझ्या लग्नाच्या आधी... माहेरी बाळंतपण, आत्यांच्याच हातानं. घरात सगळे म्हणायचे, नजर लागली, नशीब फुटकं. वन्सं त्यानंतर माहेरी यायच्याच बंद झाल्या होत्या.

"सिस्टर, माझा इळा हुता, रोजच्या कामाचा. निस्ता पदरानं पुसलावता. त्येनंच झालं व्हय?"

नाही म्हण, नाही म्हण... मी मनातून ओरडत होते. एका म्हातारीशी खोटं बोलून हिचं काय बिघडणार होतं! सिस्टरनं आत्यांना स्टुलावर बसवलं, त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "होय अज्जी. त्यानंच झालं असणार. पण तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

आत्या रडल्या नाहीत. पदरानं तोंड पुसलं आणि पुढचा प्रश्न विचारला... वीस मिनिटं मोजायची ती पाणी उकळायला लागल्यापासून, का भांडं चुलीवर ठेवल्यापासून?

स्टँडवर आल्यावर त्या आपण होऊन माझ्याशी बोलल्या. "तू इच्चारलं न्हाईस, पर सांगते. तुझ्या बाळाला हात लावायचं भ्या वाटतंय गं मला." मग मला गावच्या बायकांबरोबर आमच्या गाडीत बसवलं आणि स्वतः चिकोडीच्या गाडीकडं वळल्या. वन्संना तिकडं दिलेलं. आज कशाला, उद्या जावा की, म्हटलं... तर म्हणाल्या, "आज न्हाय गेले तर परत जायाची न्हाय म्या."

तिथं मायलेकींत काय बोलणं झालं, ते दोघींनीही कधी सांगितलं नाही. आत्या दुसऱ्या दिवशी परत आल्या त्या डोळे सुजवून. मीही काही विचारलं नाही.

माझी मुलगी त्याच दवाखान्यात झाली. घरी आले तेव्हा वन्सं दारात उभ्या... कितीतरी वर्षांनी माहेरी आलेल्या. माझं सगळं केलं त्यांनी, पण बाळाला हात लावला नाही आणि आत्यांशी कामापुरतंच बोलल्या. बाळाचा आठवा दिवस उलटेपर्यंत घरात कुणी मोठ्यानं श्वास घेतला नसेल! नवव्या दिवशी सकाळी वन्संनी बाळाला उचललं, छातीशी धरून पोटभर रडल्या... आणि नेऊन आत्यांच्या मांडीवर ठेवलं.

आत्या जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या स्टोव्हपाशी उभ्या होत्या तेव्हा सिस्टर काय म्हणणार, हे त्यांना आधीच कळलं होतं, असं मला वाटतं. तरी त्यांनी विचारलं. माझ्या मनातही असे दोन-तीन प्रश्न आहेत कुणाकुणाला विचारायचे... अजून धीर होत नाही.