पाठीवरचा नकाशा

आधी चहाचा घोट गिळा, मग सांगते. मागे एकदा हे ऐकताना मैत्रिणीला असा ठसका लागला होता, की किस्सा अर्धाच राहिला. तर, भूगोलात एम.ए. झालेली, सोलापूरच्या महाविद्यालयात दिशा, अक्षांश आणि रेखांश शिकवणारी बाई सरळ रस्त्यावर हरवली. हो, सरळ! वळण असते तर सगळा दोष मी वळणावर ढकलला असता.

माझे स्वप्न होते वाळवंट पाहण्याचे. वर्षानुवर्षे मी फळ्यावर वाळूच्या टेकड्या काढत होते, आणि प्रत्यक्षात पाहिलेली सर्वांत मोठी टेकडी कोणती? शेजारच्या बांधकामावर ट्रकने ओतलेली! आगगाडीच्या खिडकीतून वाळवंट पाहणे मला मान्य नव्हते. काळी माती कुठे संपते आणि वाळू कुठे सुरू होते, हे मोटारसायकलवरूनच समजेल असा माझा सिद्धांत होता. यजमानांनी एक जुनी मोटारसायकल मिळवली, आणि आणीबाणी उठली त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जैसलमेरला निघालो. सुट्टी मोजकी होती. वाटेत दिवस वाया गेले, तर वाळवंट पुन्हा फळ्यावरच पाहावे लागणार होते.

म्हणून मी काटेकोर व्यवस्था केली. "गाडी तुम्ही चालवा, दिशा मी बघते," असे यजमानांना सांगितले आणि त्यांच्या रेनकोटच्या पाठीवर नकाशा टाचण्यांनी पक्का लावला. मागे बसून मला नकाशा उत्तम दिसे. रस्ता दिसत नसे. पण हाताशी नकाशा असताना रस्ता बघायचाच कशाला?

निघताना शेजारच्या मामी ताट घेऊन आल्या.

"गाडीचं तोंड पूर्वेला करा की. ओवाळते."

"मामी, पूर्व ही केवळ एक दिशा आहे. तिच्यात शुभ काही नसते."

"आसं व्हय?" मामी म्हणाल्या. "मास्तरीणबाई, लई लांब चाललीस म्हणून म्हनलं. न्हाय तर न्हाय!"

ताट तसेच परत गेले. तर्काचा विजय झाला, असे मला वाटले.

पुण्याच्या रस्त्याला लागलो. आभाळ इतके भरून आले होते, की सूर्याचा पत्ता नव्हता. टेंभुर्णीला एका हॉटेलात चहासाठी थांबलो. मी तोंड धुवायला मागे गेले, परत येऊन पाहते तो काय! दिव्यावर कुंकू, हँडलला झेंडूची माळ, चाकाजवळ फुटलेला नारळ. हॉटेलवाल्याची बायको कौतुकाने गाडीकडे बघत उभी.

"वैनी, इतकं लांब जायचं आन् गाडी ओवाळल्याली न्हाय? दादा न्हाय म्हनले न्हाईत, मग टाकली ओवाळून."

"अहो! तुम्ही होऊ दिलेत हे?"

"त्यांनी खोबरं दिलं," यजमान खोबरे चावत म्हणाले.

मी तिथेच अंधश्रद्धेवर व्याख्यान दिले, आणि त्याच तिरीमिरीत मागे चढून बसले.

"असंच जायचं ना?" त्यांनी विचारले.

"सरळ! गाडीचे तोंड आहे तिकडे. यात विचारण्यासारखे काय आहे?"

निघालो. बोटाने मी नकाशावर पुण्याच्या वाटेवरच्या इंदापूरच्या दिशेने सरकत होते.

थोड्या वेळाने पुढून आवाज आला, "अगं, हा पूल बघितल्यासारखा वाटतो."

"सगळे पूल एकच खाते बांधते. सारखेच दिसणार."

"दगडावर सोलापूर लिहिलंय. आणि आकडे कमी होतायत."

"आकडे कमी होतायत ना? म्हणजे पुणे जवळ येतेय. नाव रंगाऱ्याने चुकवले असेल."

"सगळ्या दगडांवर?"

"रंगारी एकच असेल."

मग मेंढरे आडवी आली. मागून काठी टेकत मेंढपाळ आला, आम्हाला बघून थबकला.

"आवं, मगाशीच गेलासा न्हवं हिकडनं? काय इसरलं काय घरी?"

"तुम्ही दुसऱ्या कोणाला पाहिले असेल," मी म्हणाले.

"पाठीवर नकाशा टाचल्याली दुसरी जोडी हाय व्हय रस्त्यानं?"

त्याच्या मुद्द्यात तथ्य होते. म्हणूनच मी त्याकडे दुर्लक्ष केले.

पुढे गिरणीची धुराडी दिसली. इंदापूरने बरीच प्रगती केलेली दिसते, अशी मी मनात नोंद केली. मग चादरींची दुकाने आली. इंदापुरातही चादरी? असतील. व्यापार पसरतो. मग आमच्या गल्लीसारखी गल्ली आली, आमच्या दारासारखे दार आले, आणि त्या दारात आमच्या मामींसारख्या मामी उभ्या! एवढे योगायोग एकाच गावात? माझा गोंधळ आता शास्त्राच्या पलीकडे गेला होता.

"आलात व्हय जैसलमेरास्नं?" मामी म्हणाल्या. "लई लवकर की!"

मी खाली उतरले. मामींची नजर दिव्यावरच्या कुंकवावर गेली.

"हे कुनी ओवाळलं?"

"टेंभुर्णीत," यजमान म्हणाले. "त्या बाईंनी गाडीचं तोंड पूर्वेला करायला लावलं."

"मग बराबर हाय की! टेंभुर्णीस्नं पूर्वेला तोंड केलं म्हंजी सोलापूरच येनार." मामींनी माझ्याकडे पाहिले. "पूर्वेत काय नसतंय म्हनलीस ना? बघ, तुजं घर हाय."

मी यजमानांकडे वळले. "तुम्हाला कळले होते?"

"परत मोहोळ लागलं, तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की. तू दर वेळी कारण दिलंस. कारणं इतकी चांगली होती, की मलाही पटत गेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निघालो. या खेपेला मी स्वतः मामींना बोलावून आणले, गाडी पूर्वेला वळवून रीतसर ओवाळून घेतली, आणि नंतर ती सगळ्यांच्या साक्षीने पुन्हा पश्चिमेला फिरवली. नकाशा लावायला मी टाचण्या काढल्या, तेव्हा यजमानांनी शांतपणे तो माझ्या हातातून घेतला.

वाळवंट पाहिले. टेकड्या अगदी फळ्यावर काढते तशाच होत्या. जाताना एकदाही रस्ता चुकला नाही, येतानाही नाही. नकाशा सगळा वेळ आमच्याबरोबर होताच. फक्त त्यांनी तो माझ्या पाठीवर टाचला होता.