मुरमाच्या रस्त्यावर मामाजींसोबत

मार्च संपत आला होता. तळेगावहून सकाळीच आमची जीप निघाली... डोंगराकडच्या एका लहानशा गावात सासूबाईंच्या भाचीचं लग्न होतं, आणि पंगतीची सगळी भाजी आमच्या मळ्यातली. वांगी, टमाटे, कोहळी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, ओल्या जुड्या.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती ही. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पुढे सासरे गाडी चालवत होते, शेजारी सासूबाई, आणि मागे टोपल्यांच्या मधे डोक्यावर पदर घेऊन मी. नवरा आदल्या दिवशीच एसटीने गेला होता.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायचे... म्हणजे म्हणायची वेळ फारशी यायचीच नाही. चहाचा कप समोर ठेवायचा आणि मागे फिरायचं, एवढीच आमची ओळख.

डांबरी सडक सुटली आणि मुरमाचा रस्ता लागला. दोन्ही बाजूंनी पानं झडलेला साग, मधे मधे लालभडक पळस. कुठूनतरी मोहफुलांचा गोड, जड वास यायचा आणि पुढच्या वळणावर निघून जायचा. मागे धुरळा एवढा उडायचा की आम्ही कुठून आलो तेच दिसत नव्हतं.

चढ संपला तिथे इंजिन तापलं. मामाजींनी गाडी थांबवली, जरा थंड होऊ दिली, रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. बॅटरी अशक्त होती, म्हणून समोरून हॅन्डल घालून इंजिन फिरवायला गेले... आणि हॅन्डल उलटं फिरून त्यांच्या मनगटावर बसलं.

ते तिथेच मातीत बसले. अंगभर नुसता घाम. बघता बघता मनगट टम्म सुजलं.

त्या रस्त्याला संध्याकाळची एक एसटी सोडली तर कुणी येत नसे. सासूबाई लुगड्याचा काठ फाडून पट्टी बांधत होत्या आणि रडत होत्या. एकीकडे नवऱ्याचा हात, दुसरीकडे भावाच्या दारात बसलेले पाव्हणे आणि रिकाम्या कढया... त्या बाईने कशाकशाची काळजी करायची?

आता एक गोष्ट सांगते. बोरगावला माझे वडील कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या जीपवर ड्रायव्हर होते. सुटीच्या दिवशी मोकळ्या मैदानात त्यांनी मला गाडी शिकवली होती. लग्न ठरलं तेव्हा आईने बजावलं होतं, सासरी हे तोंडातून काढायचं नाही. लोक वाईट म्हणतात.

मी पदर सावरला आणि म्हटलं, "मामाजी, पुढं उतार आहे. सेकंड गिअरवर ढकलली तर सुरू होते गाडी... मले येते."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. इतकं सरळ पहिल्यांदाच.

"कोनं शिकवलं?"

"बाबानं."

"मंग बस."

बस्स, एवढंच! मी स्टेअरिंगवर बसले. मागून सासूबाईंनी दोन्ही हातांनी आणि मामाजींनी खांद्याने रेटा दिला. गाडी घरंगळली, मी क्लच सोडला, एक जोराचा हिसका बसला... आणि इंजिन धडधडायला लागलं!

खाली सपाटीवर अॅक्सिलरेटर दाबून थांबले. आरशात दोघं दिसत होते. धुरळ्यातून सावकाश चालत येत होते, मामाजी हात छातीशी धरून आणि सासूबाई त्यांचा दुसरा हात धरून. त्या दोघांना एकमेकांचा हात धरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मग सासूबाई मागे बसल्या आणि मामाजी माझ्या शेजारी. नाल्याच्या रेतीत चाक फसायला लागलं तेव्हा फक्त एकदा बोलले, "पाय नको उचलू, निंगते." आणि निघाली! एका वळणावर रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप आडवा गेला, तेव्हा मागून सासूबाईंनी गावातल्या, शिवारातल्या सगळ्या देवांना हाक मारून घेतली.

गावाची पहिली घरं दिसली तशी मी गाडी थांबवली. उतरून मागे बसायचं असंच मनाशी ठरवलं होतं.

"काऊन थांबली?"

"गाव आलं ना मामाजी... लोक काय म्हणतीन?"

"म्हणतीन काय? भाजी पोचली म्हणतीन." मग जरा थांबून म्हणाले, "हारन दाब. दाब चांगला!"

मी दाबला. मांडवातली सगळी माणसं बाहेर आली. त्यांत माझा नवराही होता, आणि त्याचं तोंड जे उघडं राहिलं ते मला आजही दिसतं.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. मामाजींच्या हाताला बांबूच्या कामट्या बांधलेल्या होत्या. नवरा सवयीने स्टेअरिंगकडे गेला, तर मामाजी म्हणाले, "तू मागं बस, तुह्या मायजवळ. सूनबाई चालवते."

जंगल लागलं. बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत होते. मग हळूच म्हणाले, "किती वर्सं झाले या रस्त्यानं येऊन-जाऊन राह्यलो पोरी... पन नजर सदा चाकापुढच्या दगडाइवर. हे झाडं, हे डोंगर, मी आज पाहून राह्यलो."

मी नुसती गाडी हळू केली.

पुढे आम्ही खूप बोललो, कडाकडा भांडलोही. मामाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. गाडी शिकवली बाबांनी... पण गावासमोर चालव म्हणणारे सासरे मिळाले, हे माझं नशीब.